शेतातल्या जळणावर स्वयंपाक: काट्या, चिपाड, तूस आणि पाचट वापरायची रीत

घरात गॅस आला, तरी बेळगाव-खानापूरकडच्या खेड्यांत परसातली चूल बंद झालेली नाही. आंघोळीचं पाणी, जनावरांचं आंबोण, भांगलणीला आलेल्या बायकांसाठीचा मोठा भात आणि हट्टाने चुलीवरच करायची भाकरी, एवढं काम तिच्याकडे अजून आहे. पण शहरातून गावी परतलेल्या माणसाला किंवा चूल कधीच न पेटवलेल्या नव्या सुनेला जळणातलं फारसं कळत नाही. बांधावर दिसेल तो काडीकचरा चुलीत कोंबला जातो, घरभर धूर होतो, डोळे चुरचुरतात आणि दोन दिवसांत गाडी पुन्हा गॅसवर. हा लेख अशा नवख्यांसाठी आहे.

हिशेब आधीच सांगून टाकतो. एक किलो एलपीजीत साधारण ४६ मेगाज्यूल उष्णता असते, कडकडीत वाळलेल्या तुरीच्या काटीत १५-१६. त्यातही तीन दगडांच्या किंवा साध्या मातीच्या चुलीत शंभरातले दहा-पंधरा भागच भांड्याला लागतात. बाकीची धग भिंतीला, हवेला आणि चुलीपुढे बसलेल्या माणसाला. गॅसच्या शेगडीत निम्म्याहून जास्त उष्णता कामी येते. हे सगळं जुळवलं तर १४.२ किलोच्या एका सिलिंडरचं काम करायला साध्या चुलीवर १६० ते २४० किलो वाळलेलं जळण जातं, आणि नीट घातलेल्या, आत जाळी बसवलेल्या चुलीवर शंभर किलोच्या आसपास. जळण फुकटचं असलं तरी ते उपटायला, वाहायला आणि रचायला लागणारे हात फुकटचे नसतात, आणि ते हात बहुतेक घरांत बाईचेच असतात. म्हणून चूल सुधारणं हे जळण गोळा करण्याइतकंच महत्त्वाचं काम समजा.

गॅस सोडा, असं मी कुणाला सांगणार नाही. सकाळचा चहा, आजारी माणसाची पेज, पावसाळ्यातली घाईची आमटी गॅसवरच बरी. मोठी भांडी आणि लांबणारी कामं चुलीवर न्या. सिलिंडर चांगला ताणला जातो.

पहिली पायरी: काय जाळायचं आणि काय नाही

शेतातला प्रत्येक वाळलेला पदार्थ म्हणजे जळण नव्हे. माझा क्रम ठरलेला आहे: आधी जनावर, मग जमीन, आणि दोघांचं भागून उरेल ते जाळ. ज्वारीचा कडबा, भाताचं पिंजर, मक्याची वैरण यांना चुलीजवळही आणू नका. उन्हाळ्यात वैरणीचा भाव विचारून बघा, म्हणजे पटेल. सोयाबीनचं भुस्कट चुलीत भस्सकन पेटून संपतं, धग काही देत नाही. ते खताच्या खड्ड्यात गेलेलं चांगलं.

उसाच्या पाचटाचं, म्हणजे वाळलेल्या पाल्याचं, प्रकरण जरा वेगळं आहे. निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यात उसाच्या एका एकरातून ३ ते ४ टन पाचट निघतं. तोडणी झाली की काडी लावून फड मोकळा करायची खोड अजून गेलेली नाही. तसं केल्याने पाचटातला सेंद्रिय कर्ब आणि नत्र धुरात जातं, वरच्या थरातले जीव मरतात आणि खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणाऱ्या पुढच्या पिकाला) पाणी जास्त लागतं. पाचट सरीत पसरून कुजवलं तर तेच खोडव्याचं अंथरूण होतं. म्हणून खोडवा ठेवणार असाल तर पाचट रानातच राहू द्या. ऊस मोडून तिथे दुसरं पीक घ्यायचं असेल, पाचट अडचणीचं झालं असेल आणि ते पेटवून देण्याची पाळीच येणार असेल, तरच घराकडे आणायचा विचार करा. त्याचं काय करायचं ते पुढे सांगतो.

जळण म्हणून खरा मान तुरीच्या काट्यांचा. घट्ट, सरळ, लवकर पेट घेणाऱ्या आणि धूर कमी करणाऱ्या. सौंदत्ती-बैलहोंगलकडे कापसाच्या काट्या मिळतात. त्या तुरीहून जाड असतात आणि त्यांचा आर, म्हणजे निखारा, जास्त वेळ टिकतो. ज्वारी-मक्याची धसकटं उपटून, आपटून, माती झाडून वाळवली की चांगली जळतात. माती तशीच ठेवली तर चुलीत राखेचा ढीग होतो आणि आच बसते. मक्याची दाणे काढलेली कणसं हे दुर्लक्षित पण उत्तम जळण आहे. मळणी यंत्राशेजारी त्यांचे ढीग पडलेले असतात, मालकाला विचारून पोती भरून आणा. शेंगांची टरफलं, नारळाच्या करवंट्या, आंब्याच्या छाटलेल्या फांद्या चालतात. गुऱ्हाळाजवळ राहत असाल तर चिपाड मिळेल का ते बघा. बहुतेक वेळा नाही मिळणार, कारण काहिलीखाली तेच जाळतात. भातगिरणीवर तूस, म्हणजे भाताची टरफलं, मिळतं, पण साध्या चुलीत ते जळत नाही. त्यासाठी वेगळी शेगडी लागते.

आता जे घरात जाळायचंच नाही ते. खानापूर आणि शेजारच्या चंदगडकडे काजूची टरफलं दिसतात आणि ती झकास पेटतातही. त्या टरफलात जहाल तेल असतं. कातडीला लागलं तर फोड येतात, आणि जाळल्यावर त्याचाच धूर डोळ्या-घशात जातो. कारखान्याच्या भट्टीत ती चालतात, घरच्या चुलीत नकोत. निपाणी भागात तंबाखूच्या काड्या रानात उभ्या असतात. त्यांच्यात निकोटिन असतं, स्वयंपाकघरात त्यांचा धूर नको. कण्हेरीचं लाकूड विषारी, त्याची एक फांदीही जळणात येता कामा नये. ठिबकच्या फाटक्या नळ्या, मल्चिंगचा प्लास्टिकचा कागद, खताची पोती चूल पेटवायला वापरणारे लोक आहेत. वास आला की ओळखू येतं आणि त्या धुरात काय असतं हे भाकरीला सांगता येत नाही.

स्वतःची जमीन नसली तरी अडत नाही. तूर आणि कापूस निघाल्यावर रान लवकर मोकळं व्हावं अशी मालकाची इच्छा असते. ‘उपटायचं तुम्ही, न्यायचं तुम्ही’ या बोलीवर काट्या मिळतात, फक्त वेळेवर विचारायला हवं. नांगर फिरल्यावर विचारून उपयोग नाही. खानापूरच्या जंगलपट्ट्यात मात्र रानातलं लाकूड तोडायला जाऊ नका. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, तिथला नियम कडक आहे, आणि शेतातलं जळण नीट वापरलं तर जंगलात जायची गरजही फारशी राहत नाही.

दुसरी पायरी: वाळवणं आणि रचणं

धुराचं मूळ बहुतेक वेळा ओलाव्यात असतं. नुकत्या उपटलेल्या काटीत वजनाच्या निम्म्याजवळ पाणी असू शकतं. ते पाणी उडवण्यातच आच खर्च होते, भांडं तापतच नाही. ओलावा १५ टक्क्यांच्या आत आला की जळण तयार. मोजायला यंत्र नको. काटी गुडघ्यावर मोडा: काटकन तुटली, सालीचा धागा राहिला नाही तर वाळलेली, वाकून लोंबली तर अजून आठ-दहा दिवस उन्हात.

वेळापत्रक हंगामच ठरवून देतो. मक्याची कणसं दसरा-दिवाळीच्या सुमाराला, भाताचं तूस दिवाळीनंतर गिरण्या सुरू झाल्या की, तुरीच्या काट्या पौष-माघात, कापसाच्या त्यानंतर. फाल्गुन-चैत्राचं ऊन हे जळण वाळवायचं ऊन. मृग लागायच्या आत सगळं छपराखाली गेलं पाहिजे. अथणीकडच्या माणसाला थोडी उसंत मिळते, पण कणकुंबी-खानापूर बाजूला पाऊस एकदा बसला की महिना-महिना ऊन दिसत नाही. तिथे ओलं झालेलं जळण दिवाळीपर्यंत ओलंच राहतं.

रचताना खाली दगड किंवा बाभळीची दोन ओंडकी टाका, म्हणजे ओल वर चढत नाही आणि वाळवी लवकर लागत नाही. काट्यांच्या पेंड्या एकदा उभ्या, एकदा आडव्या रचा. मधून वारा जाईल. पावसाळ्याचं जळण माळ्यावर किंवा पडवीत ठेवा, पण चुलीच्या डोक्यावर नको. ठिणगी वर उडते.

कापसाच्या काट्यांबद्दल एक गोष्ट वेगळी. त्यांच्यावर न फुटलेली बोंडं राहिली तर त्यांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या पिकावर येते. शेताच्या बांधावर गंजी रचून वर्षभर ठेवायची नाही. बोंडं आणि पाला झाडून तिथेच नष्ट करा, काट्या तोडून घरी आणा, आणि पुढच्या पेरणीआधी आधी त्याच संपवा.

आणि गंजीत सरळ हात घालू नका, विशेषतः संध्याकाळी. घोणस, नाग, विंचू यांना ही जागा फार आवडते. काठीने हलवा, थोडं थांबा, मग वरची पेंडी ओढा. पोरांना जळण आणायला पाठवताना हे सांगितलंच पाहिजे.

तिसरी पायरी: चूल घालणं

जुन्या चुलीचं दुखणं असं की जळण राखेवर पडून राहतं, त्याला खालून हवा मिळत नाही. अर्धवट जळलेला वायू धूर होऊन बाहेर पडतो. धूर म्हणजे न जळलेलं जळण, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा गट सुरू झाला. तिथल्या लोकांनी तीन भांड्यांची, जाळी आणि धुरांडं असलेली ‘अस्त्र ओले’ (कन्नडमध्ये ‘ओले’ म्हणजे चूल) तयार केली आणि ती कर्नाटकात गावोगाव पोचवली गेली. १९८०च्या दशकात केंद्राचा सुधारित चुलीचा कार्यक्रमही चालला, त्यातल्या ‘निर्धूर चुली’ जुन्या माणसांना आठवत असतील. बऱ्याच बंद पडल्या, कारण धुरांडं साफ करायचं असतं हे कुणी शिकवलं नाही आणि चुलीचं तोंड घरातल्या भांड्याला जुळत नव्हतं. तत्त्व मात्र पक्कं आहे आणि तेच आपण घेऊ.

जागा निवडा: परसातली पडवी किंवा दोन बाजूंनी उघडं छप्पर. वाऱ्याचा झोत थेट तोंडात येईल अशी नको.

माती तांबडी किंवा वारुळाची घ्या (वारूळ मोकळं आहे याची खात्री करून). निव्वळ काळी माती वाळताना भेगाळते. तीन घमेली माती, एक घमेलं शेण, एक घमेलं तूस किंवा बारीक कापलेलं पिंजर आणि दोन मुठी राख एकत्र करून पाण्यात कालवा, पायाने तुडवा आणि दोन-तीन दिवस झाकून ठेवा. तूस जळून गेल्यावर मातीत बारीक पोकळ्या राहतात आणि त्या धग बाहेर जाऊ देत नाहीत. कुंभारकामासाठी नाव असलेल्या खानापूरजवळ राहत असाल तर माती, विटा आणि ती मळणारा अनुभवी हात शोधावा लागणार नाही. खादी आयोगाची ग्रामीण कुंभारकामाची संस्थाही त्याच गावात आहे.

आता मापं. आधी घरातलं रोजचं सगळ्यात मोठं पातेलं आणि तवा समोर ठेवा. चूल त्यांच्यासाठी घालायची आहे. विटांचा किंवा मातीचा ओटा करून जळण घालायचं तोंड ६ इंच रुंद ठेवा. मोठं तोंड बघायला बरं वाटतं, पण त्यातून थंड हवा आत शिरते आणि आच मारते. जमिनीपासून ३ इंच उंचीवर लोखंडी सळ्यांची जाळी बसवा, दोन सळ्यांत बोट जाईल एवढी फट. जाळीखालची जागा पुढून उघडी पाहिजे, हवा तिथून येणार आहे आणि राखही तिथूनच काढायची आहे. जाळीपासून भांड्याच्या बुडापर्यंत ६ ते ७ इंच अंतर ठेवा. यापेक्षा कमी ठेवलं तर ज्योत बुडाला आपटून विझते आणि काजळी धरते, जास्त ठेवलं तर धग वाटेतच जाते.

पहिल्या भोकामागे दुसरा वैल, म्हणजे भांडं ठेवायचं मागचं भोक. दोघांच्या मधली वाट ३ इंचांची आणि किंचित चढती. पहिल्या भोकावर भांडं घट्ट बसलं पाहिजे, कडेने धूर येता कामा नये, म्हणजे गरम वायू मागच्या वैलाकडे वळतो. तिथे पाण्याचा हंडा ठेवला तर आंघोळीचं पाणी फुकटात तापतं. वैलाच्या मागून ४ इंची धुरांडं वर न्या, छपरापासून दोन-तीन फूट उंच. सिमेंटचा किंवा पत्र्याचा पाइप चालतो. पीव्हीसीचा पाइप काही केल्या नको. पाइप जिथे छपरातून जातो तिथे लाकडी वासा किंवा गवत त्याला टेकू देऊ नका, आणि वर टोपी बसवा, नाहीतर पहिल्याच वळवाला चुलीत पाणी.

चूल आठवडाभर सावलीत वाळू द्या. भेगा दिसतील त्या त्याच मातीने बुजवा. मग दोन-तीन दिवस नुसत्या काटक्यांचा बारीक जाळ करा आणि त्यानंतरच स्वयंपाक. शेणमातीचं पोतेरं रोज दिलं तर चूल वर्षानुवर्षं टिकते. धुरांड्यातली काजळी महिन्यातून एकदा लांब काठीला गोणपाट बांधून काढा. मागे धूर कोंडायला लागला की समजायचं, तारीख उलटून गेली.

एवढं सगळं जमत नसेल तर निदान एक करा: जुन्या चुलीत सळ्यांची जाळी बसवा. शंभर-दोनशे रुपयांच्या भंगारात भागतं आणि फरक त्याच दिवशी दिसतो.

चौथी पायरी: पेटवणं, आणि कशाला कोणता जाळ

जाळीवर दोन बारीक काट्यांचा फुली-आकार करा, मध्ये चिपाडाचा किंवा पाचटाचा पिळा ठेवून पेटवा. रॉकेल लागत असेल तर जळण ओलं आहे. ज्योत धरली की तुरीच्या दोन-तीन काट्या, दीड-दोन फुटांच्या, टोकाकडून सारा. एकदम मूठभर कोंबल्या की हवा अडते आणि धूर सुटतो. टोकं जळत आली की पुढे सारायचं, एवढंच काम. लांब काटी अर्धी बाहेर ठेवून उठून जाऊ नका. जाळ उलटा सरकत चुलीबाहेर येतो, आणि शेजारीच जळणाचा ढीग असतो. फुंकणी सारखी लागत असेल तर फुंकू नका, जाळीखालची राख काढा.

प्रत्येक जळणाचा स्वभाव वेगळा असतो आणि इथे चुलीवरचा खरा कसब दिसतो. भाकरीला तुरीच्या काट्या: तव्याखाली हलता, मोठा, लगेच कमी-जास्त करता येणारा जाळ लागतो आणि भाकरी चुलीच्या तोंडाशी उभी करून भाजायला पुढे ओढलेला आर लागतो. दोन्ही तुरीतून मिळतं. कापसाच्या काट्यांवर तवा एका बाजूला जास्त तापतो, नवख्या हाताला जमत नाही. भात, आमटी, पिठलं यांना धसकटं आणि काट्या मिसळून. मक्याची कणसं सावकाश पेटतात पण मग कोळशासारखी धगधगत राहतात. हरभरा, मटकी, मटण अशा शिजायला वेळ लागणाऱ्या गोष्टींना ती उत्तम. दूध आटवायचं असेल तर शेणी (गोवऱ्या) च हव्यात, दुसरं काही नको. पाणी तापवायला चिपाड, पाचटाचे पिळे, करवंट्या, काहीही चालतं. चांगल्या काट्या पाण्याखाली घालवणं मला तरी बघवत नाही.

जळण वाचवायच्या छोट्या गोष्टी घरोघरी माहीत आहेत, पण केल्या जात नाहीत. डाळ आणि कडधान्य रात्री भिजत घाला. भांड्यावर झाकण ठेवा. उकळी आली की जाळ निम्मा करा, पाणी उकळ्या मारतंय म्हणजे लवकर शिजतंय असं नसतं. भात तीन-चतुर्थांश झाला की जाळ ओढून घ्या आणि आरावर मुरू द्या. भांड्याच्या बुडाला बाहेरून राख-मातीचा पातळ लेप दिला तर घासायचा त्रास वाचतो.

धुरांडं असलं तरी लहान मुलाला कडेवर घेऊन चुलीपुढे बसू नये. घरातल्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात पाच वर्षांखालची पोरंही मोठ्या संख्येने आहेत.

पाचवी पायरी: तूस आणि भुसा

साध्या चुलीत तूस टाकलं की जाळ दबतो. त्याला दाबून भरलेली डब्याची शेगडी लागते. पूर्वी हॉटेलवाल्यांकडे आणि धोब्यांकडे लाकडाच्या भुशाची अशी शेगडी असायची.

तेलाचा १५ किलोचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या, वरचं झाकण पूर्ण कापा. बुडाशी एका बाजूला दीड-दोन इंचांचं भोक पाडा. डब्याच्या मधोमध काचेची बाटली उभी ठेवा आणि भोकातून एक गोल दांडा आत सारून बाटलीला टेकवा. आता भुसा थोडा थोडा घालून मुठीने ठोकत ठोकत भरा. सैल भरलेली शेगडी मध्येच ढासळते आणि धुराचा लोट येतो. वरपर्यंत भरल्यावर बाटली गोल फिरवत अलगद वर काढा, मग दांडा. वरून खाली आणि खालून बाहेर अशी काटकोनी पोकळी राहते. कडेवर तीन समान उंचीचे खिळे-नट किंवा विटेचे तुकडे ठेवा, भांडं आणि डबा यांत पाऊण इंच फट पाहिजे.

खालच्या भोकातून पेटती काटी आत घाला. सुरुवातीची काही मिनिटं धूर होतो, म्हणून हे अंगणात करायचं. नंतर पोकळीच्या भिंती आतून जळत जातात आणि दोन तासांच्या वर एकसारखी आच मिळते. आच कमी करायची तर खालच्या भोकात वीट सरकवा.

नुसतं भाताचं तूस घसरतं, बाटली काढली की भिंत कोसळते. सॉ मिलमधला भुसा निम्मा मिसळा किंवा बाटलीच्या जागी बारीक तारेच्या जाळीचं नळकांडं कायमचं बसवा. तुसात राख फार, वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत, आणि ती बहुतेक सिलिकाच असते. कोरडी राख झटकताना नाकातोंडात जाते. आधी पाणी शिंपडा. या शेगडीत मधेच भर घालता येत नाही, म्हणून किती वेळाचा स्वयंपाक आहे ते ठरवून मगच भरा.

सहावी पायरी: पाचटाचा कोळसा

मोडलेल्या उसाचं पाचट सांगायचं राहिलं होतं. हलकं, फुगीर, एका पिळ्यात दोन मिनिटांचा जाळ. बंबाखाली चालतं, स्वयंपाकाला माणूस जखडून ठेवतं. त्याचा कोळसा केला तर गोष्ट बदलते. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने, पाचटापासून कोळशाच्या कांड्या करायची पद्धत बसवली आणि तिला २००२ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्यांच्या भट्टीत बंद डब्यांत पाचट भरून बाहेरून तापवतात. त्यांच्याच सराई कुकरमध्ये शंभर ग्रॅम कांड्यांवर छोट्या कुटुंबाचं एक वेळचं जेवण शिजतं.

भट्टी नसेल तर खड्ड्यात जमतं. वरून ४-५ फूट रुंद, खाली निमुळता होत जाणारा, दोन-अडीच फूट खोल खड्डा. उभा ऊस, गंजी, विजेच्या तारा यांपासून लांब, वारा नसलेल्या सकाळी. शेजारी पाण्याचं २०० लिटरचं पिंप भरलेलं असल्याशिवाय काडी ओढू नका. तळाशी जाळ करा, त्यावर पाचटाचे घट्ट पिळे आणि मिळाल्या तर कापसाच्या जाडसर काट्या थर देत टाका. वरच्या थरावर पांढरी राख दिसायला लागली की लगेच पुढचा थर. वरची ज्योत खालच्या थराची हवा खाते, म्हणून खालचं जळून राख होत नाही, कोळसा राहतो. भरला की भरपूर पाणी ओतून विझवा, ढवळा, पुन्हा ओता. आत ठिणगी राहिली तर सकाळी फक्त राख सापडेल. पाच किलो पाचटामागे जेमतेम एक किलो कोळसा मिळतो, हे धरून चला.

वाळवून त्याची पूड करा. दहा किलो पुडीला अर्धा ते पाऊण किलो मैदा पाण्यात शिजवून खळ करा आणि मिसळा. मैदा नको असेल तर तीन भाग पूड, एक भाग ताजं शेण. लिंबाएवढे गोळे घट्ट वळून चार-पाच दिवस कडक उन्हात ठेवा. शेणाच्या गोळ्यांना राख जास्त येते, पण पैसा लागत नाही.

कोळशाला धूर नसतो आणि तिथेच धोका आहे. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही. दारंखिडक्या लावून, थंडीत ऊब म्हणून खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणं म्हणजे जीव गमावणं आहे. शेगडी उघड्यावर किंवा आरपार वारा वाहणाऱ्या पडवीतच हवी.

विकतचं घ्यायचं असेल तर

‘पांढरा कोळसा’ म्हणून मिळणाऱ्या जाड ब्रिकेट बॉयलरसाठी केलेल्या असतात. घरच्या चुलीत त्या धुमसतात, कुऱ्हाडीने चिरफळ्या केल्या तरच चालतात. पंख्यावर चालणाऱ्या गॅसिफायर चुली स्वच्छ जळतात, फक्त पेलेट (दाबून केलेल्या भुशाच्या बारीक कांड्या) जवळपास बाराही महिने मिळतात का ते चूल घेण्याआधी विचारा. तशा चुलीत मक्याच्या कणसांचे आणि तुरीच्या काट्यांचे इंच-इंच तुकडे घालून बघा, चालले तर सोन्याहून पिवळं.

राख

राख निघतेच, आणि ती कुठे टाकायची ते जमिनीवर अवलंबून आहे. राखेत पालाश आणि चुना असतो. खानापूर-बेळगाव पश्चिमेकडच्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत ती परसातल्या भाजीला, नारळ-केळीच्या आळ्यात मुठीमुठीने घाला. कृष्णाकाठच्या अथणी-रायबागकडे जिथे जमीन क्षारपड किंवा चोपण झाली आहे तिथे राख टाकू नका, आधीच वाढलेला सामू (मातीचा पीएच) ती आणखी वाढवते. तिथली राख भांडी घासायला, बियाण्याच्या कणगीत कीड लागू नये म्हणून कडधान्यात मिसळायला, आणि पुढच्या चुलीच्या मातीत घालायला ठेवा. डब्यात भरण्याआधी ती रात्रभर उघड्यावर थंड होऊ द्या. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत असतो, त्यामुळे प्लास्टिकच्या बादलीत तर मुळीच नको.